किल्लीचा हिशेब

घरांची मोठी घोषणा झाली की मी वहीच्या एका पानावर चार रकाने आखते: मंजूर, सुरू, पूर्ण, ताबा. घोषणेच्या दिवशी पहिला रकाना भरतो. भूमिपूजनाला दुसरा भरतो. तिसरा भरायला पाच-सात वर्षं लागतात. चौथा बहुतेक पानांवर कोराच राहतो. ताबा म्हणजे हातात किल्ली. बाकीचे तीन रकाने सरकारी कामाचे असतात, चौथा माणसाचा असतो. उद्दिष्ट गाठलं की नाही, हे या चौथ्या रकान्यावरून ठरायला हवं, एवढंच मला या टिपणांतून सांगायचं आहे.

*

ताज्या आकड्यापासून सुरुवात करते. २०२५ च्या मे महिन्यात राज्याचं नवं गृहनिर्माण धोरण मंजूर झालं. नाव आहे 'माझे घर, माझा अधिकार'. २०३० पर्यंत दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी ३५ लाख घरं, असं त्यात म्हटलं आहे. नाव चांगलं आहे. अधिकार हा शब्द सरकारने स्वतःहून वापरला, याचं मोल मोठं आहे. पण अधिकार म्हटला की तो कुणाकडे मागायचा, हेही सांगावं लागतं. या ३५ लाखांतली किती घरं माझ्या शहराच्या वाट्याला आली, त्यातली किती कोणत्या वर्षी पूर्ण होणार, नाही झाली तर कुणाला विचारायचं? हे कळल्याशिवाय ३५ लाख हा राज्याचा आकडा राहतो. तो कुठल्याही शहराचा होत नाही.

*

अधिकार कुणाकडे मागायचा, याचं उत्तर राज्यघटनेतही अर्धवटच सापडतं. ७४ व्या घटनादुरुस्तीने महापालिका-नगरपालिकांसाठी बारावी अनुसूची आणली. तीत अठरा विषय आहेत. नगररचना आहे, बांधकामाचं नियमन आहे, झोपडपट्टी सुधारणा आहे, शहरी दारिद्र्य निर्मूलन आहे. 'गृहनिर्माण' हा शब्द मात्र त्या यादीत नाही. त्यामुळे महापालिका म्हाडाकडे बोट दाखवते, म्हाडा महापालिकेच्या परवानग्यांकडे, आणि दोघं मिळून मंत्रालयाकडे. घराचा नकाशा मंजूर करणार महापालिका, पाण्याची जोडणी देणार महापालिका, राहायला जायचा दाखला देणार महापालिका. तरी घर झालं नाही तर जबाबदार कोण, हे विचारलं की सगळे गप्प.

*

वीस टक्क्यांचा नियम बहुतेकांना माहीत नाही, म्हणून सोप्या शब्दांत लिहून ठेवते.

दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांत चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर प्रकल्प उभा राहत असेल, तर त्यातली वीस टक्के घरं दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी बांधायची. साधारण तीस ते पन्नास चौरस मीटरची. ती म्हाडाच्या सोडतीतून पात्र लोकांना, बांधकाम खर्चावर आधारलेल्या सरकारी दराने द्यायची. बिल्डरला त्याबदल्यात तेवढा एफएसआय, म्हणजे बांधकामाची मुभा, वाढवून मिळतो, म्हणजे त्याच्या पोटावर पाय येत नाही. 'सर्वसमावेशक गृहनिर्माण' असं त्याचं सरकारी नाव. नियम आला नोव्हेंबर २०१३ मध्ये.

खरं तर २००५ साली जेएनएनयूआरएम ही शहरांसाठीची केंद्रीय योजना सुरू झाली, तेव्हाच केंद्राने निधीच्या बदल्यात ही अट घातली होती: प्रत्येक गृहप्रकल्पातली वीस ते पंचवीस टक्के विकसित जमीन गरिबांसाठी राखा. निधी आला, उड्डाणपूल झाले, बसगाड्या आल्या. अट नियमात उतरायला आठ वर्षं लागली.

नियमातलं सगळ्यात कामाचं वाक्य मात्र हे: त्या वीस टक्के घरांना भोगवटा दाखला, म्हणजे राहायला जायचा दाखला, मिळेपर्यंत उरलेल्या इमारतींना तो द्यायचा नाही. म्हणजे अख्ख्या योजनेची चावी महापालिकेच्याच खिशात आहे. पोलीस नको, कोर्ट नको. एक दाखला थांबवला की पुरे.

*

माहिती अधिकाराखाली एकदा एका महापालिकेच्या नगररचना विभागात फायली बघायला बसले होते. सकाळी अकराला अर्जाची प्रत दाखवली, फायली टेबलावर यायला दीड वाजला. मला एकच गोष्ट बघायची होती: वीस टक्क्यांची घरं.

पहिल्या फायलीत अभिन्यासाचा मोठा नकाशा घडी घालून ठेवला होता. घड्यांवर फाटत आलेला. उलगडला तर टेबल पुरेना, अर्धा माझ्या मांडीवर आला. एका मोठ्या जमिनीचे ओळीने तुकडे पाडले होते. एकेकाचं क्षेत्रफळ वाचत गेले. प्रत्येक तुकडा चार हजार चौरस मीटरच्या अगदी जवळ आलेला, पण एकही चार हजाराचा नाही. रस्ता एकच, प्रवेशद्वार एकच, जाहिरातीत प्रकल्पाचं नावही एकच. कागदावर मात्र पाच वेगळे भूखंड आणि पाच वेगळे अर्ज. वीस टक्के कुणालाच लागू नाहीत.

समोरच्या लिपिकाने नकाशाची घडी पुन्हा नीट घालून दिली आणि म्हणाला, "मॅडम, कागद सगळे बरोबर आहेत." ते खरंच होतं. कागद सगळे बरोबर होते. त्या पाच कागदांना एकत्र ठेवून बघण्याचं काम मात्र कुणाच्याच टेबलावर नव्हतं.

*

नाशिकचं २०२२ साल आठवा. दहा लाखांवरच्या या शहरात वीस टक्क्यांची घरं म्हाडाकडे का आली नाहीत, हा प्रश्न तेव्हाच्या गृहनिर्माण मंत्र्यांनीच जाहीरपणे विचारला. विधान परिषदेत गदारोळ झाला. मार्चमध्ये सभापतींनी महापालिका आयुक्तांच्या बदलीचे निर्देश दिले आणि बदली झाली. सभागृहाने घराच्या प्रश्नावरून एका महापालिकेला जाब विचारला, हे महाराष्ट्रात फार वेळा घडलेलं नाही, म्हणून त्याची नोंद हवी.

पण बदली हा हिशेब नव्हे. अधिकारी गेला की फाइल थंड होते, नवा माणूस पहिल्या पानापासून वाचायला लागतो. सभागृहाने त्या दिवशी तारखेसकट घरांची यादी मागितली असती आणि दर अधिवेशनात ती पुढे वाचायला लावली असती, तर त्या दिवसाचं चीज झालं असतं.

*

पवईचं प्रकरण तर या विषयाचा धडाच आहे. १९८६ साली राज्य सरकार, एमएमआरडीए आणि विकासक यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. सुमारे २३० एकर जमीन. अट अशी की घरं लहान बांधायची, निम्मी ४० चौरस मीटरची आणि निम्मी ८० ची. त्यातली पंधरा टक्के सरकारला ठरलेल्या स्वस्त दराने द्यायची. पुढे तिथे हिरानंदानी गार्डन्स उभं राहिलं. ते कसं दिसतं, हे मुंबईकरांना सांगायला नको.

लोक जनहित याचिका घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेले. २०१२ साली न्यायालयाने बजावलं की पुढचं बांधकाम करण्याआधी करारातली लहान घरं बांधा. संख्या होती तीन हजारांच्या घरात.

१९८६ ते २०१२ म्हणजे सव्वीस वर्षं. एवढ्या काळात प्रत्येक इमारतीचा नकाशा कुणा ना कुणा सरकारी टेबलावरून गेला, प्रत्येकावर सही झाली. करार कपाटात होता. सही करणाऱ्याने कपाट उघडून बघितलं नाही. जे काम कारकुनाच्या एका शेऱ्याने झालं असतं, त्यासाठी नागरिकांना हायकोर्ट गाठावं लागलं.

*

गिरणगाव. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ वा नियम म्हणत होता की गिरणीची जमीन विकायला काढली तर तिचे तीन वाटे करा. एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाला. सुमारे ६०० एकरांचा प्रश्न होता. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली: वाटे फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेचे. शेड पाडून जी जागा मोकळी होईल, ती यात धरायची नाही. गिरणीत मोकळी जागा असते किती? सगळी शेडच तर असते. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांच्या बाजूने निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो फिरवला.

गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली २०१२ च्या जूनमध्ये, ६,९२५ घरांची. अर्ज त्याच्या कितीतरी पट. १९८२ च्या संपात जो तिशीत होता, तो सोडतीच्या दिवशी साठीचा झाला होता. आता त्याच्या मुलांना कर्जत लायनीवर शेलू-वांगणीची वाट दाखवली जाते. २०२५ च्या जुलैत ते पुन्हा आझाद मैदानावर आले होते.

उद्दिष्ट मोडायला ते रद्द करावं लागत नाही. व्याख्येतला एक शब्द बदलला तरी भागतं.

*

१९९५ सालची मुंबईतली घोषणा: चाळीस लाख झोपडीवासीयांना मोफत घरं. पाच वर्षांत आठ लाख. त्यासाठी झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झालं. तीस वर्षं झाली, आठ लाखांचा आकडा अजून गाठलेला नाही. २०२४ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने मुंबई उच्च न्यायालयाला सांगितलं की राज्याच्या झोपडपट्टी कायद्याच्या अंमलबजावणीचाच आढावा घ्या. हा आढावा पाच वर्षं संपली तेव्हा, २००० साली, विधानसभेने घ्यायला हवा होता.

*

जळगाव. नव्वदच्या दशकात पालिकेने अकरा हजारांवर घरकुलांची योजना काढली. घरं अर्धवट राहिली, सांगाडे उभे राहिले, कर्ज शहराच्या डोक्यावर बसलं. २००६ मध्ये तेव्हाच्या आयुक्तांनी फिर्याद दिली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने दोन माजी मंत्र्यांसह ४८ जणांना दोषी ठरवलं. प्रकरण पुढे अपिलात गेलं.

गुन्हा दाखल होणं आवश्यक होतं, त्या आयुक्तांचं धाडसही मोठं. पण गुन्ह्याचा हिशेब कोर्ट करतं, घराचा करत नाही. ज्याच्या नावावर घरकुल होतं, त्याने पुढची वर्षं भाड्याच्या खोलीतच काढली.

*

आमच्या सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या मावशींचा म्हाडाचा अर्ज भरायला मी बसले होते. नेट कॅफेत, कारण माझ्या संगणकावर त्यांची आधार-पॅनची कागदपत्रं चढेनात. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी त्यांनी तहसील कार्यालयाच्या तीन फेऱ्या मारल्या होत्या. तिन्ही दिवसांचा खाडा. मुंबई मंडळाच्या सोडतीत अत्यल्प गटाची अनामत पंचवीस हजार. त्यांनी भिशी उचलली. पैसे रुमालात बांधून आणले होते. कॅफेवाल्या मुलाला म्हणाल्या, "बाळा, नीट बघून दाब रे."

२०२४ च्या त्या सोडतीत घरं होती २,०३०. अनामत भरून आलेले अर्ज एक लाख तेरा हजारांवर. एका घरामागे पन्नासहून जास्त माणसं. नाव लागलं नाही. अनामत परत आली, भिशीचा हप्ता मात्र चालू राहिला.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी ओट्यावरची भांडी विसळता विसळता त्यांनी विचारलं, "ताई, नशीब नव्हतं ते कळलं. पन घरं इतकी कमीच का असतात हो दरवेळी?"

सोडतीत नाव न लागणं हे नशीब. सोडतीत घरंच कमी असणं हे नशीब नव्हे. कुठल्या तरी शहरात अडवायचा तो दाखला अडवला गेला नाही, कुठे तरी पाच तुकडे एकत्र बघितले गेले नाहीत. त्या न आलेल्या घरांसाठी मावशींनी पंचवीस हजार भरले होते.

*

दोन आकडे शेजारी शेजारी ठेवते. २०१२ मध्ये केंद्राच्या तज्ज्ञ गटाने देशातल्या शहरांत १ कोटी ८८ लाख घरांची टंचाई मोजली. त्यातली बहुतेक दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांची, आणि मोठा वाटा दाटीने राहणाऱ्या कुटुंबांचा. २०११ च्या जनगणनेत शहरांतली रिकामी घरं निघाली १ कोटी १० लाखांहून जास्त. म्हणजे नुसती घरं बांधून हा प्रश्न सुटत नाही. कुणासाठी बांधली, हे मोजावं लागतं.

*

फ्रान्समध्ये २००० सालापासून एक कायदा आहे. ठरावीक लोकसंख्येच्या पुढच्या प्रत्येक गावात एकूण घरांपैकी वीस टक्के, आणि २०१३ नंतर बहुतेक ठिकाणी पंचवीस टक्के, घरं सामाजिक भाड्याची हवीत. कमी पडली तर दरवर्षी गावाच्या उत्पन्नातून रक्कम कापली जाते. दर तीन वर्षांनी तपासणी होते. गाव मुद्दाम टाळाटाळ करत असेल तर सरकारचा प्रीफे, म्हणजे आपल्या जिल्हाधिकाऱ्यासारखा अधिकारी, रक्कम वाढवतो आणि बांधकाम परवानगीचा अधिकारही स्वतःकडे घेऊ शकतो. पॅरिसशेजारच्या न्यूयीसारखी श्रीमंत गावं तरीही मागेच राहिली. त्यांना पैसे भरणं परवडतं. म्हणजे नुसता दंड पुरत नाही.

कॅलिफोर्नियात दर आठ वर्षांनी प्रत्येक शहराला उत्पन्न गटानुसार घरांचा आकडा मिळतो आणि ती कुठे होणार, याचा आराखडा द्यावा लागतो. आराखडा वेळेत मान्य झाला नाही, तर ठरावीक प्रमाणात परवडणारी घरं देणारा प्रकल्प त्या शहराला आपल्या झोनिंगच्या नियमांवर बोट ठेवून नाकारता येत नाही. २०२२ मध्ये सांता मोनिकात या वाटेने चार हजारांवर घरांचे अर्ज आले. घाबरून का होईना, शहरं आराखडे करायला बसली.

या दोन्ही ठिकाणी आकडा शहराच्या नावावर आहे, तारीख ठरलेली आहे आणि चुकलं तर काय होणार, हे आधीच लिहिलेलं आहे. आपल्याकडे आकडा राज्याचा, तारीख पुढे ढकलता येणारी आणि चुकलं तर काही नाही. 'सर्वांसाठी घरे' ही केंद्राची योजना २५ जून २०१५ ला निघाली तेव्हा मुदत २०२२ होती. मग डिसेंबर २०२४ झाली, मग डिसेंबर २०२५. झोपडपट्टीच्या जागेवरच पुनर्वसन, हा जो घटक गरिबातल्या गरिबाच्या सगळ्यात जवळचा, त्याचा वाटा त्या योजनेत सगळ्यात लहान राहिला.

*

महापालिकांची बाजूही लिहायला हवी. जकात गेली, स्थानिक संस्था कर (एलबीटी) गेला, जीएसटी आला आणि पालिका राज्याच्या भरपाईवर आल्या. नगररचना विभागात मंजूर पदंही भरलेली नसतात. २०२२ पासून राज्यातल्या कित्येक महापालिकांवर वर्षानुवर्षं प्रशासक होते. सभागृहच नव्हतं, तर प्रश्न विचारणार कोण आणि कुणाला? अधिकार आणि पैसा न देता नुसता जाब विचारणं हा अन्याय आहे. पण वीस टक्क्यांचा दाखला अडवायला पैसा लागत नाही. जे हातात आहे, त्याचा हिशेब तरी द्यायला हवा.

*

सोलापूर. विडी कामगार आणि असंघटित कष्टकऱ्यांनी नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली आधी गोदूताई परुळेकर वसाहत उभी केली. दहा हजार घरं, २००६. मग कुंभारीला रे नगर, तीस हजार घरांचा प्रकल्प. १९ जानेवारी २०२४ ला त्यातली पंधरा हजार घरं ताब्यात मिळाली.

हे काम सरकारी पैशाशिवाय झालं नसतं. पण पैसा तर सगळ्या शहरांना मिळतो. सोलापुरात फरक एवढाच होता की लाभार्थी एकेकटा नव्हता. त्यांची संघटना होती, सभासदांची यादी होती, कुठला हप्ता कुठे अडला हे विचारायला माणसं वर्षानुवर्षं मोर्चे काढत होती. चौथा रकाना भरायचा तर तो मागणारं कुणीतरी असावं लागतं.

*

काय मागायचं, ते स्वच्छ लिहून ठेवते.

प्रत्येक महापालिकेने दर एप्रिलमध्ये अंदाजपत्रकासोबत घरांचा तक्ता छापावा. मंजूर, सुरू, पूर्ण, ताबा, आणि तोही प्रभागवार. चार हजार चौरस मीटरच्या वरच्या प्रत्येक प्रकल्पाची यादी संकेतस्थळावर असावी, त्यापुढे वीस टक्क्यांची घरं किती आणि म्हाडाला कधी दिली, हे लिहिलेलं असावं. माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम स्वतःहून माहिती जाहीर करायला सांगतंच, त्यासाठी नवा कायदा नको. एकाच मूळ सातबाऱ्यातून पडलेले तुकडे एकच प्रकल्प म्हणून धरावेत. वीस टक्के घरांआधी भोगवटा दाखला दिला, तर सही करणाऱ्या अधिकाऱ्याची चौकशी व्हावी, केवळ बदली नव्हे. आणि २००९ मध्ये कायद्यात आलेल्या, पण कागदावरच राहिलेल्या क्षेत्रसभा, म्हणजे प्रभागातल्या मतदारांच्या सभा, भराव्यात. तिथे हा तक्ता मोठ्याने वाचला जावा.

*

शेवटचं टिपण वाचणाऱ्यासाठी.

तुमच्या घराजवळ एखादा मोठा प्रकल्प उभा राहत असेल. गेटवर परवानगीचा फलक असतो. त्यावरचा परवाना क्रमांक आणि भूखंडाचं क्षेत्रफळ टिपून घ्या. क्षेत्रफळ चार हजारांवर असेल, किंवा शेजारचा तुकडा धरून होत असेल, तर महापालिकेच्या जन माहिती अधिकाऱ्याला साधा अर्ज करा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा आणि दोनच प्रश्न विचारा: या प्रकल्पातली वीस टक्के घरं किती आहेत, आणि त्यांचा ताबा कोणत्या तारखेला दिला? उत्तर तीस दिवसांत यायला हवं. नाही आलं तर अपील करा.

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अजून पूर्ण नाही. या महिन्यात मी असे तीन अर्ज दिले आहेत. तुम्ही एक द्या.